अकरावा नंबर : सोलापुरातल्या एमबीएची दोन वर्षं

परवा कॉलेजकडून अनामत रकमेचे दोन हजार रुपये खात्यावर आले, तेव्हा एमबीए खरोखर संपलं असं वाटलं. निकाल आधीच लागला होता, पण निकालापेक्षा या दोन हजारांना जास्त सह्या लागल्या. माझ्या मावसबहिणीला पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचाय आणि ती रोज एक प्रश्न पाठवते. तिला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते, अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

मी 2021 ला बी.कॉम. झाले. मग दोन वर्षं एका कर सल्लागाराकडे लोकांची जीएसटीची रिटर्न भरली. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग अडला की ज्याच्या नावानं हाक येते तो माणूस. घरात माझ्या आधी कुणी पदवीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच पहिला प्रश्न होता.

आणि पहिला धडा अभ्यासाचा नव्हता, कागदांचा होता. ओबीसीतून अर्ज करायचा तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन क्रिमिलेयर, तिन्ही लागतात. माझ्याकडे पहिलंच होतं. वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आमचे आजोबा मोहोळ तालुक्यातल्या एका गावात चौथीपर्यंत शिकले होते. त्या शाळेत तीन वेळा गेल्यावर जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला. दोन वेळा मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते, तिसऱ्यांदा होते पण कपाटाची चावी नव्हती. शेजारच्या घरातून चावी आली. उताऱ्यावर आजोबांचं आडनाव एका मात्रेनं वेगळं निघालं, त्यासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र. नोव्हेंबर 2022 ला भरलेला अर्ज, प्रमाणपत्र हातात पडलं मे 2023 ला. त्यामुळं ज्यांना पुढच्या वर्षी परीक्षा द्यायचीय त्यांनी अभ्यासाचं पुस्तक नंतर घेतलं तरी चालेल, वैधतेचा अर्ज आज टाका. नॉन क्रिमिलेयरची तारीखही बघून घ्या. माझ्या वेळी ते 31 मार्च 2024 पर्यंत वैध असायला हवं होतं. माझ्या ओळखीच्या एकीचं एक वर्ष आधीच संपलेलं निघालं आणि ती सरळ खुल्या यादीत गेली.

सीईटी, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, मार्च 2023 मध्ये दिली. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे शेवटचं वाक्य मला ठाऊक होतं, तरी घाबरून मी एकोणीस प्रश्न कोरे सोडून आले. घड्याळात दहा मिनिटं उरली की जे राहिलंय तिथं डोळे झाकून टिचक्या मारायच्या. मला एकाहत्तर पर्सेंटाइल पडले. पुण्याची जी कॉलेजं मनात होती तिथं त्याला कुणी विचारत नाही, पण मी पसंतीच्या फॉर्ममध्ये आधी पुण्याची नऊ कॉलेजं लिहिली आणि दहावं म्हणून, कसनुसं तोंड करून, घराजवळचं लिहिलं. पहिल्या फेरीत काहीच नाही. दुसऱ्या फेरीत दहावं लागलं. एक हजार रुपये जागा स्वीकारण्याचे ऑनलाइन भरले आणि त्या रात्री जेवले नाही, हे आज कबूल करते. (पहिल्या नंबरची पसंती लागली तर ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत उगाच काही लिहू नका.)

गणपती बसायच्या आधी प्रवेश पक्का केला, विसर्जनानंतर वर्ग सुरू झाले. साठ जागा, आम्ही चौपन्न. पहिल्या दिवशी ओळख करून देताना कळलं की यातले निम्मे एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतात. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, एक मुलगा पार विजयपूरकडचा. वर्गात इंग्रजी, जिन्यात मराठी, कँटीनच्या एका टेबलावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड, पार्किंगमध्ये दखनी. मी मराठी मीडियमची. पहिल्या प्रेझेंटेशनला ‘गुड मॉर्निंग’नंतर मला पुढचं वाक्यच सुचेना. मॅडम म्हणाल्या, बस. मी बसले आणि तास संपेपर्यंत वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडचा एक सीनियर पार्किंगमध्ये थांबलेला. म्हणाला, ‘सकाळी साडेसातला येत जा, वर्ग उघडा असतो.’ मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? ‘अख्ख्या कॉलेजला कळलंय की. घरात माझी कन्नड, मराठी शाळेत शिकलो, हिंदी पिक्चर बघून. इंग्रजी चौथी. तुझी तर दुसरीच आहे, रडलालीस कशाला?’ पुढचे दोन महिने साडेसात ते साडेआठ रिकाम्या बाकांसमोर आम्ही पाचसहा जण बोलायचो. शिपाईमामा झाडू मारता मारता ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, ‘काल बरं होतं.’ इंग्रजी फार सुधारलं असं नाही, पण गप्प बसणं सुटलं.

‘अख्ख्या कॉलेजला कळलंय’ हे वाक्य मात्र लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं तिथंच येऊन अडतं.

लहान कॉलेजचं लोक कौतुक करतात की इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. खरंच ओळखतात. अकाउंट्सच्या सरांनी माझ्या पप्पांच्या मालकाच्या मुलाला शिकवलं होतं. लायब्ररीतल्या ताई माझ्या चुलतीच्या माहेरच्या. एकदा मी तास बुडवून पार्क चौपाटीवर डिस्को भजी खाल्ली, घरी पोचायच्या आत आईला माहीत. पुण्यात शिकणाऱ्या मैत्रिणी सांगायच्या की त्यांच्या रूमच्या शेजारी कोण राहतं हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा.

ऑक्टोबरात मुलींनी भिशी सुरू केली. चौदा जणी, महिन्याला पाचशे, म्हणजे एकीला सात हजार. फायनान्सच्या मॅडमनी एका तासात भिशीचा व्याजदर काढायला लावला. पहिला नंबर लागणारीला बिनव्याजी कर्ज आणि शेवटचीला बिनव्याजी बचत, हे तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. चिठ्ठ्या काढल्या. माझा नंबर अकरावा, म्हणजे ऑगस्ट 2024. पाचवा, फेब्रुवारीचा, बार्शीच्या एका मुलीचा. ती हॉस्टेलला राहायची, फारशी बोलायची नाही, डब्यात मात्र शेंगाचटणी सगळ्यांना पुरेल इतकी असायची.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा कॉलेजातही स्टॉल लावायचा प्रकल्प होता. आमच्या सहा जणींच्या गटानं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे विकले. दिवसअखेर एक हजार एकशे चाळीस रुपये नफा. आम्ही खूष. अकाउंट्सच्या सरांनी वही बघितली आणि विचारलं, ‘गॅस कुठाय? तुमच्या आया पहाटे चारला उठल्या त्याची मजुरी कुठाय?’ ते सगळं धरलं तर चारशे रुपये तोटा निघाला. सरांनी शेरा मारला, ‘घरच्यांच्या जिवावर फायदा.’ तो आम्ही गटाच्या नावाला लावून टाकला.

आता फेब्रुवारी. आमच्या कॉलेजची शिकवणी फी अडुसष्ट हजार. ओबीसीला निम्मी शिष्यवृत्तीतून यायची, उरलेले चौतीस हजार दोन हप्त्यांत आमचे. सतरा प्रवेशाच्या वेळी भरले होते, सतरा परीक्षेच्या फॉर्मआधी. त्याच महिन्यात पप्पांचा कारखाना थांबला. ऑर्डर रद्द, माल पडून, माग बंद. जॉबरला माग चालला तरच काम. घरात दहा हजार होते. सात कमी.

मी कुणाला काही बोलले नव्हते. सोमवारी नोटीस बोर्डावर थकबाकीची यादी लागली. नाव, रोल नंबर, रक्कम, सगळं टाइप केलेलं. अकरा जणांची नावं होती, माझं तिसरं. समोर चारपाच जण उभे होते, ते मला बघून बाजूला झाले, आणि ते बाजूला होणंच मला जास्त लागलं. कार्यालयातल्या माणसाला मी विचारलं, नावं का लावली? तो अगदी साधेपणानं म्हणाला, ‘फोन करून सांगितलं तर कुणी ऐकत नाही, यादी लावली की दोन दिवसांत भरतात.’ त्याचं खरंही होतं. तरी मी त्या बोर्डासमोरून पुढं महिनाभर गेले नाही, मागच्या जिन्यानं जायचे. नंतर आम्ही काही जणांनी लेखी अर्ज दिला आणि पुढच्या सत्रापासून फक्त रोल नंबर लागायला लागले. चौपन्न जणांत रोल नंबर कुणाचा हे कुणाला कळत नाही असं नाही, पण तेवढं तरी.

(एक सांगायचं राहिलं: हप्त्यासाठी मुदत मागता येते. साध्या कागदावर अर्ज, पालकाची सही, कारण. हे मला यादी लागल्यावर कळलं. प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा.)

त्या दिवशी दुपारी बार्शीची ती माझ्या बाकाशी आली. पाकीट ठेवलं. ‘माझा पाचवा तू घे, मी अकरावा घेते.’ मी रागानं म्हटलं, मला कुणाची दया नको. ती म्हणाली, ‘दया कसली, नंबर बदललालोय. ऑगस्टपर्यंतचं व्याज लावू का? मॅडमनी सूत्र शिकवलंय.’ बाकीच्या बाराजणींना तिनं आधीच विचारलेलं होतं. म्हणजे माझ्या सात हजारांची चर्चा वर्गात माझ्याशिवाय होऊन गेली होती. मी पाकीट घेतलं. धन्यवाद म्हणाले की नाही ते आठवत नाही, बहुतेक नाहीच.

मार्च संपताना कारखाना सुरू झाला. तो का थांबला होता, हे मात्र मला जूनमध्ये कळलं. दुसऱ्या सत्रानंतर आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप असते. पुण्याला जाऊन राहायचं तर पैसे नव्हते. अकाउंट्सच्या सरांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराला फोन केला. मी गेले. मालकांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग, ‘म्हणजे तू अमक्या जॉबरची मुलगी?’ दोन मिनिटं शांतता. पप्पांनी पूर्वी त्यांच्याकडं सहा वर्षं काम केलं होतं आणि भांडून सोडलं होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता परत पाठवणार. त्यांनी उधारीच्या तीन वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, ‘बाप माग ऐकून दोष सांगायचा. तू वही ऐक.’

पहिला मसुदा मी पुस्तकातून लिहिला, खेळतं भांडवल म्हणजे काय वगैरे बारा पानं. सरांनी तो परत दिला. मग वह्यांत शिरले. माल गेल्यापासून पैसे येईपर्यंत सरासरी शहाण्णव दिवस निघाले. तिथंच फेब्रुवारीचं कोडं सुटलं. आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झालं होतं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरतात. छोट्या कारखान्यांना पैसे वेळेवर मिळावेत म्हणून केलेला नियम. पण ज्या बाजारात तीन महिन्यांची उधारी हीच रीत, तिथं या मालकांच्या व्यापाऱ्यांनी पैसे लवकर देण्याऐवजी 31 मार्चच्या आधी मालच घ्यायचं थांबवलं. काहींनी घेतलेला परत केला. एका व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं होतं, तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) आहे का, नसेल तर बरं. मालक हे सांगताना हसत होते. पप्पांच्या कारखान्याचंही तेच झालं असणार, हे मी घरी येऊन सांगितलं. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आम्हाला वाटलं शेठजींकडंच पैसा संपला.’

रिपोर्ट लिहायच्या वेळी बार्शीची अडचण उघड झाली. फेब्रुवारीच्या सात हजारांत ती घरचे थोडे घालून जुना लॅपटॉप घेणार होती. हे तिनं मला तेव्हा सांगितलं नव्हतं, लायब्ररीतल्या ताईंकडून कळलं (इथं कळतंच). सुट्टीत हॉस्टेल बंद, बार्शीहून रोज एसटीनं येऊन ती सायबर कॅफेत तासावर टाइप करत होती. मी तिला घरी घेऊन आले. अकरा दिवस राहिली. माझा लॅपटॉप, जुन्या ऑफिसनं मोडीत काढताना नऊ हजारांना दिलेला, दिवसा तिच्याकडं, रात्री माझ्याकडं. पाणी येण्याच्या दिवशी आई तिलाही पहाटे उठवून हंड्यांच्या रांगेला लावायची, पाहुणी म्हणून सूट नाही. तिचा विषय बार्शीच्या डाळ मिलचा मालसाठा. आई दोघींचे रिपोर्ट ऐकून म्हणाली, तिचा बरा आहे, समजतो तरी. बाइंडिंग सोनेरी अक्षरांसकट तीन प्रतींचे नऊशे रुपये झाले. मुखपृष्ठावरचं आपलं नाव छापायला देण्याआधी स्वतः वाचा, माझ्यात आजोबांची मात्रा पुन्हा आली होती.

दुसरं वर्ष भराभर गेलं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना निम्म्याऐवजी पूर्ण शिकवणी आणि परीक्षा फी मिळायला लागली, आणि ते आधीच प्रवेश घेतलेल्यांनाही लागू होतं. वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर हा जीआर कार्यालयाच्या आधी आला. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज केल्यावर बँक खातं आधारशी जोडलंय का ते बँकेतच जाऊन बघा. माझ्या अर्जाला सगळी मान्यता मिळून पैसे चार महिने लटकले, कारण आधार एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं.

प्लेसमेंटला बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या, विमा. मला तीन ठिकाणी नाकारलं. तिसऱ्या नकाराच्या दिवशी संध्याकाळी अशोक चौकातल्या आत्याचा फोन: ‘जाऊ दे, ती कंपनी चांगली नव्हतीच.’ मला अजून कंपनीचा मेल आला नव्हता. एप्रिल 2025 मध्ये ज्यांच्या वह्या वाचल्या होत्या त्याच मालकांनी बोलावलं. आता तिथं उधारीच्या वसुलीचं काम बघते, हातात एकवीस हजार. पप्पांना आधी विचारलं. ते म्हणाले, जा, पण मागाजवळ ओढणी सांभाळ.

शेवटी नो ड्यूजचा कागद. लायब्ररी, लॅब, कार्यालय, हॉस्टेल (मी राहिले नव्हते तरी), जिमखाना, विभागप्रमुख, प्राचार्य. सात सह्या, चार खेपा. लायब्ररीतल्या ताईंनी सही करताना एक पुस्तक माझ्या नावावर दाखवलं. ते बार्शीवालीकडं होतं. तिला फोन केला, तिनं ते रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं, आणि सकाळी मी स्टँडवर जाऊन घेऊन आले. कंडक्टरचा भाऊ आमच्याच बॅचचा.

नवी भिशी याच महिन्यात सुरू झाली, आता हजाराची, आणि चौदातल्या बारा जणी आहेत. चिठ्ठ्या व्हिडिओ कॉलवर काढल्या. माझा नंबर पुन्हा अकरावा. बार्शीवालीचा तिसरा. मिनिटाभरात तिचा मेसेज आला, ‘बदलायचा का? यंदा मात्र व्याज घेणार बघ.’